पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कौतुकाने क्वचितच वापरली जाते. ज्याला ठावठिकाणा नाही, ज्याचा संसार कोठेच स्थिरावला नाही, अशा माणसाविषयी ती बोलली जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील आमचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिला आणि एका गाडीत कायमचे राहावयास गेलो, तेव्हा ही म्हण आम्हाला अनेकांच्या तोंडून ऐकावी लागली. कोणी ती हसत म्हटली, कोणी काळजीने. कॅनडातील मुलाने फोनवर म्हटली तेव्हा मात्र तिच्यात थोडा राग होता. आईवडिलांनी आपल्याकडे यावे, नाहीतर आपल्या घरात स्वस्थ राहावे, एवढीच त्याची इच्छा होती.

आमची वये तेव्हा सासष्ट आणि चौसष्ट. आमच्यापैकी एकाची उभी हयात शाळेत गेली, दुसऱ्याची बँकेत. दोन्ही निवृत्तिवेतने सुरू होती. सुटीत चार दिवस कोठे जाऊन यावयाचे आणि पुन्हा घड्याळाला बांधून घ्यावयाचे, असे तीस-पस्तीस वर्षे चालले होते. तीन खोल्यांचे घर झाडावे, पुसावे, रात्री कुलूप लावून झोपावे, यात दिवस सरू लागले. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने अब्राहामाला हारान सोडावयास सांगितले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. हा दाखला आमच्यापैकी एकाने पुढे केला. दुसऱ्याने उत्तर दिले की अब्राहामाला परमेश्वराने सांगितले होते, आपल्याला कोणी सांगितले आहे? या प्रश्नाला उत्तर नव्हते. तरीही आम्ही निघालो.

अशा गाडीची कल्पना आता आपल्याकडे अगदीच नवी नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. परंतु ते सहलीला जाणाऱ्यांसाठी. गाडीतच संसार मांडणाऱ्या वृद्धांचा विचार त्यात कोणी कशाला करील? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही, म्हणून सारे रीतसर करण्यात सात महिने गेले. छपरावर सौरपट्ट्या बसल्या, खाली बॅटऱ्या. दोन बाके, जी रात्री पलंग होतात. एक शेगडी, एक शौचकूप आणि १२० लिटरची पाण्याची टाकी. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवलेले पाणी मोजून वापरण्याची सवय आम्हाला होतीच. तरीही ती टाकी अडीच दिवसांत रिकामी होते, हे पहिल्याच आठवड्यात कळले. मग पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, चर्चच्या आवारात पाणी मागावे लागते. मागण्याची सवय मात्र आम्हाला नव्हती.

घरातील वस्तू वाटून टाकणे वाटले होते त्याहून सोपे गेले. पवित्र हृदयाची तसबीर तेवढी गाडीत आली. चालकाच्या आसनामागे तिला जागा केली. निघण्याच्या दिवशी फादर आशीर्वादासाठी आले आणि हसून म्हणाले, “कोणती प्रार्थना म्हणू? घराची की वाहनाची?” ख्रिस्तसभेच्या आशीर्वादांच्या ग्रंथात दोन्ही निराळ्या आहेत. त्यांनी दोन्ही म्हटल्या. मग जाता जाता त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो त्याचा ‘पॅरिश’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘पारोइकिया’पासून आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ परक्या ठिकाणचे तात्पुरते वास्तव्य असा आहे. “तेव्हा तुम्ही धर्मग्राम सोडून चालला आहात असे समजू नका,” ते म्हणाले. “तुमची नावे आमच्या नोंदवहीत राहतील.” त्यांच्या बोलण्याने आम्हाला धीर आला; त्याचा अर्थ मात्र पुढे उमगावयाचा होता.

पहिला मोठा मुक्काम हरेगावला झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरजवळच्या या गावी सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. मराठवाड्यातून, नगर-नाशिककडून माणसे पायी येतात, टेम्पो-ट्रॅक्टरने येतात, शेतात आणि रस्त्याच्या कडेला उघड्यावर मुक्काम करतात. आम्ही लहानपणी आईवडिलांबरोबर तशीच यात्रा केली होती. या वेळी आमच्याबरोबर घर होते. गर्दी वाढली तशी आम्ही खिडक्यांचे पडदे ओढले, दाराला आतून कडी लावली, माळेची प्रार्थना म्हटली आणि झोपलो. मध्यरात्री पाऊस आला. पत्र्यावर त्याचा आवाज होत होता. आपण कोरडे आहोत या जाणिवेने आम्हाला बरे वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

पहाटे दार उघडले तेव्हा गाडीच्या खाली, दोन चाकांच्या मधोमध, एक वृद्ध स्त्री नातवाला कुशीत घेऊन झोपलेली दिसली. खाली खताच्या गोणीचे प्लॅस्टिक, अंगावर ओले लुगडे. रात्रभर आम्ही दोघे तिच्या डोक्यावर दीड हातावर निजलो होतो. आमची चाहूल लागताच ती गडबडीने बाहेर आली, जणू अपराध तिचाच होता. आम्ही तिला आत बोलावले, चहा केला. पोराने बाकावर बसून बिस्किटे खाल्ली. तिने सारे न्याहाळून पाहिले: शेगडी, टाकी, तसबीर.

“घर कुठं म्हणायचं तुमचं, बाई?”

आम्ही सांगितले, हेच.

तिला ते चमत्कारिक वाटले. थोडा वेळ विचार करून तिने अगदी साधेपणाने विचारले, “मग पाहुणं आलं तर कुठं बसवता?”

तिच्या मनात टोमणा नव्हता. ज्याला घर म्हणावयाचे त्याविषयी तिला पडलेला तो पहिला प्रश्न होता. आम्ही सात महिने गाडीचा आराखडा करीत होतो. पाण्याचा, विजेचा, सांडपाण्याचा हिशेब केला होता. पाहुण्याचा विचार केला नव्हता. अब्राहाम तंबूत राहिला हे आम्ही सर्वांना सांगत सुटलो होतो. परंतु मम्रे येथे भर उन्हात तो तंबूच्या दारात बसला होता आणि तीन अनोळखी वाटसरू दिसताच धावत त्यांना सामोरा गेला, हे आम्ही सोयीने विसरलो होतो. त्या तंबूला आतून कडी नव्हती.

त्या मावशी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या. त्यांच्या आग्रहावरून आम्ही दिवाळीनंतर त्यांच्या गावी गेलो. दोन दिवस राहावयाचे ठरवले होते. पोहोचलो त्याच संध्याकाळी गावातून ट्रक निघत होते. ऊसतोडीचा हंगाम सुरू होणार होता. मावशींचा मुलगा आणि सून ट्रकमध्ये चढत होते. भांडी, गोधड्या, सरपण, कोंबड्या, सारे बरोबर. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली आणि बहुतेक खर्चून झालेली. या व्यवहारात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. हिशेब माणसांचा नसतो, जोडीचा असतो. फडाशेजारी पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी उभी करावयाची आणि मार्च-एप्रिलपर्यंत, फड बदलेल तसे, बिऱ्हाड हलवीत राहावयाचे. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही मुले. ट्रक निघाला तेव्हा आमच्या मनात आले, पाठीवर बिऱ्हाड घेतलेले खरे जोडपे ते, आम्ही नव्हे. आम्हाला परत जावयास फ्लॅट होता. त्यांच्या मागे उचल होती.

अमेरिकेत हजारो निवृत्त माणसे अशा गाड्यांत राहतात, हे आम्ही वाचले होते. आमच्या बेताला बळ तेथूनच मिळाले होते. परंतु जेसिका ब्रुडर या पत्रकार लेखिकेच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ मधील पुस्तकाकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नव्हते. २००८ च्या मंदीनंतर घर परवडेनासे झालेली वृद्ध माणसे गाडीत राहून हंगामी मजुरी करीत फिरतात, त्यांची ती हकिकत आहे. त्यांतील काहीजण नॉर्थ डाकोटा राज्यात बीटच्या सुगीला जातात. ते बीट साखरेचे असते. म्हणजे तेथेही साखरच. अंबड तालुक्यातील एका अंगणात उभे राहिल्यावर आम्हाला या गोष्टीचा अर्थ लागला. चाकावरचे घर ही काहींची हौस असते आणि काहींची निकड. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

दोन दिवसांचे आम्ही साडेचार महिने राहिलो. यात सेवाकार्य वगैरे काही नव्हते. निघावयाचे ठरवले की मावशी भाकरी बांधून देण्याऐवजी वाढीत असत. चर्चच्या आवारात चिंचेखाली गाडी उभी राहिली. ज्याने शाळेत आयुष्य घालवले त्याच्याकडे संध्याकाळी नऊ मुले येऊ लागली. ज्याचे बँकेत गेले त्याच्याकडे म्हातारी माणसे. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. आमचे स्वतःचे दाखले आम्ही मोबाइलवरून दिले. २०१४ पासून केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ ही सोय आहे. परंतु ज्यांचे हात जन्मभर कोयत्याने आणि खुरप्याने झिजले त्यांच्या अंगठ्याचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. माणूस समोर उभा असून यंत्राला तो हयात वाटत नाही, हे आम्ही प्रथमच पाहिले. तालुक्याच्या गावी खेपा घालून, दुसरे बोट, तिसरे बोट लावून, एकेकाचे काम झाले. रात्री वीज गेली की गाडीच्या बॅटरीवर सहा-सात फोन लागत. सांगलीकडील, कर्नाटकातील फडांवरून आईबापांचे फोन त्याच वेळी येत. मुले बाकांवर बसून बोलत आणि आम्ही बाहेर थांबत असू.

आमच्यापैकी एकाला सुरुवातीपासून एक काळजी होती, ती उघड बोलली जात नसे. वाटेत काही झाले तर माती कोठे मिळणार? टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे ‘एस्केपीज’ या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या क्लबने एक केंद्र उभारले. ज्यांना वार्धक्यामुळे वा आजारामुळे प्रवास थांबवावा लागतो ते आपल्याच गाडीत राहून तेथे देखभाल मिळवतात. आपल्याकडे तसे काही आमच्या पाहण्यात नाही. आमच्या शहराजवळ खुलताबादेत औरंगजेबाची कबर आहे. दख्खनेत उतरल्यावर आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्याने बहुतांशी छावणीत काढली आणि उत्तरेत तो परत गेलाच नाही. सोबत एवढे मोठे तंबूंचे शहर असून त्याला घर मिळाले नाही. अब्राहामाने जन्मभर भटकंती केली. विकत घेतलेली जमीन म्हणून जिचा उल्लेख आहे ती मखपेलाची गुहा, साराच्या दफनासाठी चारशे शेकेल चांदी मोजून घेतलेली. जानेवारीत आमच्यापैकी एकाला न्यूमोनिया झाला. पहाटे तीन वाजता गाडीने, जिच्यात आजारी माणूस झोपला होता त्याच घराने, आम्ही जालन्याला पोहोचलो. मागोमाग मोटारसायकलवर गावातील दोघे आले आणि चार रात्री रुग्णालयाच्या ओसरीवर झोपले. तेव्हापासून मातीची काळजी आमच्यात बोलली जात नाही. नोंदवहीत नाव राहील असे फादर का म्हणाले होते, तेही कळले. आपण कोठे राहतो याला फारसे महत्त्व नाही. आपल्यासाठी कोण जागे राहते याला आहे.

जुलै २०२५ मध्ये फ्लॅटचा करार संपला. विकत घेणारा गिऱ्हाईक दारात होता. आमचे दोघांचे त्यावर तीन दिवस पटले नाही. एकाचे म्हणणे, विकून मोकळे व्हावे, नाहीतर आपण राहतो ते खोटे. दुसऱ्याचे म्हणणे, जे परतीचे दार या गावातील कोणाला नाही ते आपण केवळ हौसेपोटी लाथाडणे हाही एक प्रकारचा गर्वच. शेवटी घर विकले नाही. त्याच कुटुंबाकडे ते आणखी अकरा महिने राहील. हा निर्णय योग्य होता याची आम्हाला अजून खात्री नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू करणारे दांपत्य भेटते. रोममधून त्यांना हाकलले, ते करिंथला आले, तेथून इफिसला गेले. इतके फिरूनही त्यांच्याविषयी जी गोष्ट नोंदली गेली ती ही, की संत पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्या घरी ख्रिस्तसभा जमत असे. बिऱ्हाड हलत होते, पण दार असे.

पावसाळ्यात आम्ही कोकणात आणि गोव्याकडे फिरलो. आता पुन्हा नोव्हेंबर आहे. ट्रक गेले, गाडी चिंचेखाली उभी आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे घडीच्या दोनच खुर्च्या होत्या. या वर्षी जालन्याच्या बाजारातून एक लांब सतरंजी आणली आहे. ती दारापुढे अंथरली म्हणजे दहा-बारा माणसे बसू शकतात. मावशींनी ती पाहिली, हाताने चाचपली आणि सर्वांच्या आधी येऊन बसल्या.