आपोआप बरा झालेला सर्व्हो

घरातला जुना रेडिओ खरखरायला लागला की त्याला एक थापट मारायची, हा उपचार आमच्या पिढीला कोणी शिकवावा लागला नाही. थापट बसली की रेडिओ पुन्हा गायला लागायचा आणि घरची मंडळी आपापल्या कामाला लागायची. नेमकं काय बिघडलं होतं हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. पुन्हा खरखरला तर पुन्हा थापट. रेडिओ कपाटावर बसलेला होता, म्हणून हे सगळं चालून गेलं.

रेडिओ कंट्रोलवर उडणारी छोटी विमानं बांधायच्या नादाला लागलं की ही सवय सोडावी लागते. विमान कितीही सुबक बांधा, हवेत गेल्यावर त्याची सगळी भिस्त सर्व्हो नावाच्या, काडेपेटीहूनही लहान अशा डबीवर असते. पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचा एलेव्हेटर आणि रडर ही सगळी हलती अंगं सर्व्होच हलवतो. तो रुसला तर खालून हातवारे करून काही उपयोग नसतो.

तुम्ही म्हणाल, त्या डबीत असतं तरी काय? चारच वस्तू. एक चिमुकली मोटार, दातेरी चाकांची रांग, एक पोटेन्शिओमीटर आणि एक छोटं सर्किट. रिसीव्हर त्याला सेकंदाला साधारण ५० वेळा एक स्पंद पाठवतो. स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असला की सर्व्होचा हात मध्यावर राहतो, १ कडे सरकला की एका अंगाला वळतो आणि २ कडे सरकला की दुसऱ्या. हात या क्षणी कुठे आहे ते पोटेन्शिओमीटर सांगतो. सर्किट हुकूम आणि जागा ताडून पाहतं आणि दोन्ही जुळेपर्यंत मोटार फिरवतं. बस्स, एवढाच कारभार.

बिघाड ओळखायचा तर आधी कान लावावा. आमच्या गोव्यात घरटी एक पेटीवाला नाहीतर तबलजी सापडतो, तेव्हा कानाची उणीव नाही. मोटार फिरल्याचा आवाज येतो पण हात जागचा हलत नाही, तर चाकांचे दाते गेले समजा. नायलॉनच्या दात्यांना विमानाचं एक आदळणंही पुरतं. हात एका ठरावीक जागीच थरथरतो आणि बाकी ठिकाणी शहाण्यासारखा वागतो, तर पोटेन्शिओमीटर त्या जागी झिजलाय किंवा मळलाय. इंजिनाचं विमान असेल तर हे लवकर होतं, कारण हादरे सारखे बसतात. म्हणून सर्व्होच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या देतात, त्या काढून टाकू नयेत.

काही आवाज मात्र फसवे. सर्व्हो नुसता गुणगुणत राहतो आणि गरम होतो, तेव्हा बहुतेक जण त्यालाच दोष देतात. आधी पुशरॉड काढून बघा. गुणगुण थांबली तर सर्व्हो निर्दोष. बिजागरी कुठेतरी आवळून बसली आहे आणि तो बिचारा तिच्याशी झगडतो आहे. सगळेच सर्व्हो एकदम थरथरले तर चौघेही एकाच वेळी आजारी पडले असं होत नाही. ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांत अशा वेळी लहरींच्या गोंधळाचा संशय आधी यायचा. आजच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये आधी वीज तपासावी. मोटरच्या कंट्रोलरमधलं साधं बीईसी जास्तीचा दाब उष्णतेत घालवतं. तीन सेलच्या भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट ५ वर आणायचे तर दर अँपिअरमागे ७.६ वॅटची उष्णता होते. तेवढी सोसवेना की दाब कोसळतो, आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. तो क्षण जमिनीवर किरकोळ, झाडाच्या उंचीवर मात्र फार मोठा.

आणि आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा! छत्रीच्या काड्या जिथे गंजतात तिथे कनेक्टरच्या केसासारख्या पट्ट्या काय टिकणार? पाऊस संपल्यावर विमान पेटीतून काढलं की मी प्रत्येक कनेक्टर काढून, पुसून पुन्हा बसवतो. तार काळी पडलेली दिसली तर सरळ बदलतो.

या सगळ्याहून कठीण बिघाड म्हणजे क्षणभर तोंड दाखवून पळणारा. दोन वर्षांमागे शेजारच्या अकरावीतल्या मुलाने खाऊचे पैसे साठवून सहा महिन्यांत एक विमान बांधलं. वजन सव्वा किलो. सड्याची जागा हिरव्या विभागात येते हे ड्रोन नियमांच्या नकाशावर बघून घेतलं होतं, कारण दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या एवढ्याशा गोव्यात ते बघावंच लागतं. पहिल्या उड्डाणाला आई, बाबा, खुर्चीवर बसलेली आजी, सगळं घर हजर. उडवण्याआधीच्या तपासणीत उजवा एलेरॉन एकदाच, आपणहून, टुणकन वर उडाला आणि खाली बसला. मग पोराने काडी वीस वेळा हलवली. एलेरॉन अगदी गुणी बाळ.

"काका, आतां सारकें चलता. उडोवया."

सगळे माझ्याकडे बघत होते. सड्याच्या कडेला वाड्यावरची पोरं क्रिकेट खेळत होती. मी नाही म्हटलं. त्याचे बाबा म्हणाले, "एकदा उडवूया की हो, सहा महिने खपलाय तो." तरी नाही म्हटलं. पोराचे डोळे भरून आले. परतीच्या वाटेवर माझ्याशी कोणी बोललं नाही, आजीसुद्धा.

संध्याकाळी तो विमान घेऊन आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा एकच नियम पाळला. सर्व्हो सुटा करून सर्व्हो टेस्टरवर अर्धा तास फिरवला. एकदाही चुकला नाही. रिसीव्हरच्या त्याच चॅनलवर दुसरा सर्व्हो थेट लावला, तोही ठीक. उरली पंखातून जाणारी जोडतार. खरा सर्व्हो तिच्यावर लावून ती बोटभर बोटभर वाकवत गेलो. कनेक्टरपासून दोन बोटांवर हात टुणकन उडाला. प्लॅस्टिक वरून धड होतं, पण आतल्या धाग्यांपैकी दोन-तीनच शाबूत. नवी तार आली म्हापशातल्या दोन भाजी-पावांच्या पैशांत. संशयावरून सर्व्होच बदलला असता तर? नवा सर्व्हो, जुनी तार, आणि वर खोटा विश्वास.

दोन रविवारांनी ते विमान उडालं आणि अजून उडतंय. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बिघाड दिसेनासा होणं आणि बिघाड निघून जाणं यांत फरक आहे. कारण सापडलं नाही तोवर बरा झालेला सर्व्हो बरा झालेलाच नसतो, तो फक्त गप्प बसलेला असतो. छातीतली कळ आपोआप थांबली म्हणून डॉक्टरकडे न जाणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. थापट मारून गायला लावलेला रेडिओ आपल्या अंगात इतका मुरलेला असतो! विमानात बसणारा कोणी नसतो हे खरं, पण खाली उभे असलेले असतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

ज्याचं कारण सापडत नाही अशा सर्व्होवर मी लाल शाईने फुली मारतो. तो कितीही गुणी वागला तरी विमानात परत जात नाही. वाड्यावरची पोरं मात्र या फुलीवाल्यांची दिवाळीपर्यंत वाट बघतात. चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे डोळे गरागरा फिरवायला ते उत्तम. मध्येच एखादा डोळा आपणहून उडाला तर बघणारे जास्तच खूश होतात. पहाटे जाळण्याआधी सर्व्हो काढून घ्यायचे, तेवढं पोरांना दरवर्षी बजावावं लागतं.