धावदोरा

नवरात्राचे घट बसायच्या आधी घरातलं प्रत्येक पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा आमच्या नगर जिल्ह्यातल्या बायकांचा जुना दंडक. भिंती सारवायच्या, भांडी घासायची आणि गोधड्या ओढ्यावर न्यायच्या. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, उलट्या दिशांनी पीळ घालायचा, आणि पाण्याची धार थांबली की खडकावर पसरायची. हिवरे बाजारला हे काम चाले तेव्हा मी फार लहान होते, पण खडकावरची कोणती गोधडी कुणाच्या लुगड्याची हे मला पाठ होतं. आजीची जांभळी, थोरल्या चुलतीची हिरव्या चौकड्यांची.

हातानं केलेल्या वस्तूंची माझी ओढ त्या खडकांवर लागली आणि आजतागायत सुटलेली नाही. शिकले, नोकरी केली, संसार केला, पण रिकाम्या हातानं बसणं मला कधी जमलं नाही. आता साठी उलटल्यावर मागे बघते तेव्हा एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. हस्तकला म्हणजे सुखवस्तू माणसांचा विरंगुळा, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या गावानं मला वेगळंच शिकवलं. हात कलेसाठी मोकळा व्हायला आधी ओढ्याला पाणी लागतं.

हे मी शब्दशः म्हणते आहे. वसुबारसेला गाईगुरांना ओवाळायला आम्ही पोरं लव्हाळ्याची दिवटी विणायचो. हिरव्या काड्या एकमेकींत गुंफत नागाचा फणा काढायचा आणि मधे पणती बसेल एवढी जागा ठेवायची. लव्हाळा ओढ्याकाठच्या गाळात उगवतो. ओढा आटला की दिवटी संपली. पोळ्याचे मातीचे बैल करायचे तर चिकण माती त्याच काठची. आजोबांचं हातकाम अंबाडीचं. शेताच्या कडेनं अंबाडी लावलेली असे. तिची भाजी खाऊन व्हायची, सोटं वाढायची, मग कापून त्यांच्या पेंढ्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दहा-पंधरा दिवसांनी साल सुटे, तिला घाण वास येई, पण धुऊन वाळवली की पांढरा, चमकदार वाख हाती लागे. पायाच्या अंगठ्यात टोक धरून आजोबा पीळ घालत बसत. दावं, कासरा, चऱ्हाट, सगळं घरचं. पोळ्याला बैलाच्या हातात नवा कासरा हवाच, असं ते म्हणत. बैलाला हात असल्यासारखंच ते त्याच्याविषयी बोलत.

गोधडीचं काम आजीकडे. सण होऊन गेले, रब्बीची पेरणी आटोपली की ती दुपारी ओसरीवर लुगडं अंथरी. खाली एक धड लुगडं, मधे विरलेली धोतरं, फाटके सदरे, पोरांची झबली, वर दुसरं लुगडं. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणून घ्यायचं आणि काठापासून धावदोरा सुरू करायचा. एक फेरा संपला की त्याच्या आत दुसरा, मग तिसरा, असं चौकोन लहान लहान होत मधोमध यायचं. शेवटचा टाका घालण्याआधी आजी आत ज्वारीचे चार दाणे सोडायची. पांघरूण उपाशी नको, एवढंच तिचं स्पष्टीकरण. लुगडी त्या काळी बहुधा नगरच्या मागावरची असत. शहरात पद्मशाली विणकरांची वस्ती मोठी होती, आणि कापड बाजारात घेतलेलं सुती लुगडं दहा वर्षं अंगावर वागवून मगच ते गोधडीत जाई. तोवर ते इतकं मऊ झालेलं असे की सुई न ढकलता पुढे सरके. मी कोरं फडकं जोडायला गेले की आजी हातातून काढून घ्यायची. "कोरं कापड अंगाला लागतं, पोरी. आधी कुणीतरी नेसलेलं असावं."

1972च्या दुष्काळानं हे सारं थांबवलं. आमचं गाव पर्जन्यछायेतलं, चांगल्या वर्षीसुद्धा पाऊस जेमतेम. त्या वर्षी विहिरी खडखडल्या. आजी, आई, चुलत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पोरांना सुकडी मिळे, घरी मिलोच्या तांबड्या भाकरी. संध्याकाळी आजीच्या बोटांना चिरा पडलेल्या असत. त्यांत ती तेल भरे. सुई धरता येत नव्हती. ओसरीवर लुगडं अंथरलं गेलं नाही, आणि घटस्थापनेआधी गोधड्या नुसत्या उन्हात टाकून झटकल्या. दुष्काळ सरला तरी गाव सावरलं नाही. डोंगर उघडा पडला, दारू आली, भांडणं आली, आणि एकेक घर पुण्या-मुंबईची वाट धरू लागलं. आमचंही निघालं. आईनं भांडीकुंडी गोधडीतच बांधली.

पुण्यात हडपसरच्या बाजूला वडील बांधकामावर लागले. एका खोलीत आम्ही सगळे. नळाला पाणी ठरलेल्या वेळी, पसरायला जागा नाही, वाळवायला दोरी नाही. तिथं गोधडी शिवणार कशी? पण शेजारी एक कोकणातल्या मावशी होत्या. त्यांच्या मांडीवर कायम दोन सुया आणि लोकरीचा गुंडा. सुलट टाका, उलट टाका, टाके वाढवणं, कमी करणं, शेवटी बंद करणं, हे सगळं त्यांनी मला दाराच्या उंबऱ्यावर बसवून शिकवलं. विणकामाला पाणी लागत नाही, जागा लागत नाही, भाजी शिजेपर्यंतच्या वेळातही चार ओळी होतात. गाव सुटलेल्या माणसाच्या हाताला ते काम फार मानवतं. पहिलं टोपडं धाकट्या चुलतभावासाठी विणलं. मग मोजे, अंगडं, मफलर. ओळखीत कुणी बाळंत झालं की बाळंतविड्यात माझी कुंची जायची. पैशांनी द्यावं असं आमच्याकडे काही नव्हतं, आणि तरी कुणाच्या दारी मोकळ्या हातानं गेलो नाही, याचं सुख मला अजून आठवतं.

लोकरीचा एक गुण मला फार आवडतो. ती उसवता येते. वडिलांचा स्वेटर कोपरांवर विरला तेव्हा मी तो उसवला, धाग्याच्या लडी करून कोमट पाण्यात बुडवल्या, खाली वजन टांगून वाळवल्या, आणि सरळ झालेल्या धाग्यातून धाकट्या भावाची कानटोपी निघाली. उरल्यातून पुढच्या वर्षी हातमोजे. आजी मात्र बाजारच्या त्या लोकरीला लोकर म्हणायला तयार नव्हती, आणि ती बरोबरच होती. तो बहुतेक ॲक्रिलिकचा धागा असतो. तिची लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची. धनगरांनी ती कातरायची, सूत काढायचं, सनगरांनी ताण्याला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणायची. आमच्या घरची घोंगडी पावसात डोक्यावर घेतली, खळ्यात अंथरली, दारात जोंधळे वाळवायला पसरली, आणि ती मला तरी कधी फाटलेली दिसली नाही. इतकं काटक आणि इतकं देखणं वस्त्र आज खेडोपाडी मिलच्या चादरीपुढे मागे पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गावाकडच्या बातम्या येत. 1989मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. शिकलेला तरुण, नोकरीच्या वाटेनं न जाता गावात राहिला, याचं वडिलांना अप्रूप वाटे. मग ऐकू आलं की गावकरी डोंगरावर श्रमदान करताहेत; झाड तोडायचं नाही, गुरं मोकळी चरायला सोडायची नाहीत, दारू बंद. आदर्श गाव योजनेत गाव आलं. नव्वदच्या दशकात गेलेली कुटुंबं परतू लागली, त्यांत आमचे आईवडीलही. मी तोवर लग्न होऊन नगरला आले होते, त्यामुळे माहेर पुन्हा हाकेच्या अंतरावर आलं.

परतल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात वडिलांनी मला डोंगराकडे नेलं. उतारावर समपातळीत खोदलेले चर, एकाखाली एक, थोडं अंतर सोडून पुन्हा एक, पार माथ्यापर्यंत. कुणीतरी अख्ख्या डोंगराला धावदोरा घातला होता. जवळ गेलं की दिसे, चर सगळे सारखे नाहीत. एखादा खोल, एखादा जरा वाकडा, कारण तेही माणसांनी कुदळ-फावड्यानं केलेलं काम. चरात पाणी थांबत होतं, मुरत होतं आणि खालच्या विहिरींना येत होतं. हिवरे बाजारविषयी बोलताना लोक पोपटरावांना मिळालेली पद्मश्री सांगतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्या डोंगराइतकं मोठं हातकाम दुसरं माहीत नाही, आणि त्याच्यावर कुणा एकाचं नाव घालता येणार नाही.

पाणी आलं तसं गावानं ते जपलंही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. कापून आणलेल्या चाऱ्यावर दुभती जनावरं पोसली जाऊ लागली. दिवसाला 150 लिटरच्या आसपास असलेलं गावचं दूध दहा-पंधरा वर्षांत 4,000 लिटरच्या घरात गेलं. दुधामागे बायकांचे कष्टही वाढले. चारा, शेण, धारा, पहाटे उठणं. पण पाण्यासाठीची वणवण आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सरली, आणि दिवसाच्या मधोमध एक दुपार मोकळी झाली. त्या दुपारी माझ्या आईनं, खडी फोडलेल्या त्याच हातांनी, ओसरीवर लुगडं अंथरलं. निरोप आला तेव्हा मी असेल ती भाजी तशीच झाकून एसटी पकडली. आई, दोन्ही चुलत्या आणि वहिनी चार बाजूंनी बसल्या होत्या. आईला धावदोरा नीट आठवत होता. ज्वारीचे दाणेही.

तेव्हापासून थंडीच्या दिवसांत माहेरी एक तरी गोधडी होतेच. कापड बदललं. लुगडी संपली, साड्या आल्या, आणि नायलॉनच्या साडीची गोधडी करू नये या मताची मी आहे. ती घसरते, थर सरकतात, पांघरलं की घाम येतो. वहिनी चकाकीसाठी वरचा थर तसा घेतात. आत सुतीच भरायचं यावर मात्र आमचं एकमत झालेलं आहे. टाक्यावरून बाई ओळखता येते. आईचा टाका बारीक आणि घट्ट, वहिनींचा लांब, ऐसपैस, माझा विणकामाची सवय असल्यानं मोजून घातल्यासारखा. एकाच गोधडीत तिघींचे टाके असे शेजारी शेजारी दिसतात, आणि मला ते मशीनच्या सरळ शिलाईहून कितीतरी सुंदर वाटतं.

पोळ्याचा साज मात्र बदलला. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. पूर्वी आदल्या दिवशी खांदेमळणी, सकाळी ओढ्यावर अंघोळ, मग शिंगांना हिंगूळ, बेगड, पितळी शेंब्या, कपाळी बाशिंग, अंगावर झूल. माझ्या भावाकडे आता बैल नाहीत, गाई आहेत, पण वहिनी सण सोडत नाहीत. श्रावण लागला की आम्ही दोघी गोंडे करायला घेतो. पुठ्ठ्याच्या पट्टीवर लोकर गुंडाळायची, मधोमध करकचून बांधायची, दोन्ही कडा कातरायच्या आणि झटकून फुलवायच्या. लाल, पिवळा, गुलाबी. प्रत्येक गाईच्या गळ्यात वेगळा रंग. शाळेतून आलेली पोरं ओढ्याची माती आणून बैल करतात, शिंगं मोडली की काडी खोचतात. लव्हाळाही पुन्हा उगवतो आहे. दिवटी विणता येणारे हात गावात थोडे उरले आहेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी पोरांना धरून बसवते. पहिला फणा कुणाचाच उभा राहत नाही. तिसऱ्या-चौथ्याला जमतो, आणि मग त्यांना जेवायला बोलावणंही अवघड होतं.

हल्ली गोधडीला शहरात गिऱ्हाईक आहे. पुण्याच्या भीमथडी जत्रेत, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये बचतगटांच्या बायका गोधड्या मांडतात. मी तिथं मुद्दाम जाते. कुणी हात फिरवून कौतुक करतं आणि भाव ऐकून पुढे जातं, तेव्हा मी थांबून त्यांच्याशी बोलते. मोठ्या गोधडीत एका बाईच्या महिनाभराच्या दुपारी गेलेल्या असतात. कापड जुनं आहे म्हणून भाव पाडायचा असेल तर त्या दुपारींचं काय करायचं, हा हिशेब गिऱ्हाइकानं करायला हवा. काही जण परत फिरून घेतात. बायकांनीही तास लिहून ठेवावेत आणि त्यावर किंमत मांडावी, असं मी भेटेल त्या बचतगटाला सांगत असते.

सध्या घरात वाद चालू आहे. भाची मार्गशीर्षात बाळंत होणार आहे, आणि बाळाची दुपट्याएवढी छोटी गोधडी आम्हाला थंडीआधी पुरी करायची आहे. आईचं शेवटचं लुगडं मी जपून ठेवलेलं आहे, अंजिरी रंगाचं. भाचीला बाळासाठी फिका रंग हवा. वहिनींनी तोडगा काढला, की लुगडं आतल्या थरात घालावं आणि वर भाचीचीच जुनी, फिक्या निळ्या रंगाची सुती ओढणी घ्यावी. मला हे पटत नाही. लुगडं वर हवं, बाळाच्या गालाला लागेल असं, कारण घरात त्याहून मऊ कापड दुसरं नाही. भाचीनं एकदा हात फिरवून बघावं, मग रंगाचं बोलावं. वहिनी म्हणतात, मग दोन शिवू या. पण लुगडं एकच आहे, आणि ते दोन्हींना पुरवायचं तर आजच फाडायला हवं, तेव्हा उद्या सकाळच्या एसटीनं मी कात्री घेऊन हिवऱ्याला जाते आहे.