तुळस बाहेर काढताना



नांदेडला वैशाख म्हणजे तुळस जपायचा महिना. पारा 42च्या पुढे गेला की आपण वृंदावनावर जुनं लुगडं बांधतो, वर गळती लावतो, थेंब थेंब पाणी मुळाशी पडत राहतं. उन्हापासून तिला राखायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. त्याच दिवसांत कॅनडातल्या टोरांटोला माझी सून तुळस उन्हात नेण्याच्या तयारीला लागते. मी तिथे चार महिने राहून आले, म्हणून लिहिते. आपल्यापैकी पुष्कळांची लेकरं आता असल्या थंड मुलखात आहेत.

तिथली तुळस सप्टेंबरअखेरपासून मेपर्यंत घरातच. दक्षिणेकडच्या खिडकीत कुंडी, बाहेर बर्फ. घर तापवणाऱ्या यंत्राची हवा इतकी कोरडी की पानांमागे बारीक कोळी धरतात, जाळी दिसते. आठवड्याला पानं खालूनवरून पाण्याने धुवावी लागतात. एवढं करूनही पानं मोठी, पातळ, फिकट. वास असतो, पण चुरगळल्यावर.

सुनेने लग्नानंतर माळ घातली. आदल्या वर्षीची तिची तुळस मेच्या सुरुवातीलाच गेली होती. एक दिवस छान ऊन पडलं, तिने कुंडी बाहेर ठेवली. दुपारी पानांवर पांढरे डाग, रात्री थंडी, सकाळी सगळं झाड काळं. पोर रडली. माळ घालणाऱ्याच्या दारची तुळस जळावी म्हणजे आपलंच काही चुकलं, हे तिच्या मनाने घेतलं. माळ उतरवू का, असं तिने मला फोनवर विचारलं होतं. खिडकीच्या काचेआड वाढलेल्या पानाला उघडं ऊन सोसत नाही, आणि 10 अंशांखालची रात्र तुळशीला मानवत नाही. त्यात पाप कसलं? पण फोनवर सांगून असली गोष्ट मनात उतरत नाही, हेही खरं.

मी गेले तेव्हा नवी तुळस वीतभर झाली होती. तिथे 25 मेच्या आधीच्या सोमवारी राणी व्हिक्टोरियाच्या नावाची सुट्टी असते. तोवर गोठवणाऱ्या रात्री सरतात असा तिथल्या लोकांचा ठोकताळा. त्यानंतर आम्ही कुंडी हलवली. पहिले दोन दिवस भिंतीच्या सावलीत, दोन-दोन तास. वाऱ्याची बाजू टाळून, कारण आत वाढलेल्या झाडाचं खोड वाऱ्याला सरावलेलं नसतं. मग सकाळचं कोवळं ऊन, रोज थोडं जास्त. दहाव्या दिवशी ती दिवसभर बाहेर राहिली. रात्री मात्र जून लागेपर्यंत आत.

इथेच सून अडली. "अहो आई, दिवे लागल्यावर तुळशीला हात लावायचा नाही ना? मग आत कशी आणू?"

प्रश्न खोटा नव्हता. तिथे त्या दिवसांत सूर्य पावणेनऊला मावळतो, कामावरून दमून आलेली बाई तिन्हीसांजेची वाट पाहत बसते. मी तिला माझ्या वारीचं सांगितलं. अकरा वर्षं आमच्या दिंडीत मी डोक्यावर तुळस घेऊन चालले; गुडघे गेले तेव्हा थांबले. मुक्कामाला पोचता पोचता कितीदा अंधार पडे. म्हणून तुळस वाटेवर ठेवून पुढे गेलो का? सांजेनंतर पान तोडायचं नाही, हा नियम. तिला उचलून निवाऱ्याला नेणं ही सेवा. अंगणातली तुळस एका जागी असते हे खरं, पण आपल्या पंथात दिंडीबरोबर चालणारी तुळसही आहे.

सुनेच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तेव्हापासून ती कुंडी उचलताना "चला माउली" म्हणते.

आम्हा नांदेडकरांना हे अवघड वाटू नये. नामदेवराय इथून जवळच्या नरसीचे मानले जातात. त्यांचा शब्द पंजाबात, गुरदासपूरकडच्या घुमानपर्यंत गेला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. आणि त्याच ग्रंथाला 1708 साली गुरूचं स्थान दिलं गेलं ते आपल्या नांदेडात, गोदाकाठी. इथून गेलेलं असं हिंडून दारी आलं!

जूनच्या मध्यापर्यंत जुनी पातळ पानं गळाली. नवी आली ती लहान, जाड, जांभळट. तिथे तेव्हा दिवस पंधरा तासांहून मोठा; इतकं ऊन मिळाल्यावर जवळून गेलं तरी वास येई. मंजिऱ्या आल्या की सून खुडून पांडुरंगाच्या फोटोला वाहायची, त्याने झाड फुटतंही. आषाढीला आम्ही दोघींनी संध्याकाळी लख्ख उजेडात तुळशीपुढे हरिपाठ म्हटला. शेजारची गोरी बाई कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. शेवटी तिने पान हुंगायला मागितलं. एकादशी होती, आम्ही तोडलं नाही, कुंडीच तिच्यापुढे धरली.

परतताना मी सुनेला एवढंच बजावलं की सप्टेंबरात रात्री थंड होऊ लागल्या की कुंडी आत घे, आणि आत घेण्याआधी पानं नीट धू, कोळी घरात यायला नको. लग्न कार्तिकात खिडकीपाशीच लागलं. कापराने छतावरचा धुराचा भोंगा वाजला, आणि मंगलाष्टकं तशीच चालू राहिली.