बंदा रुपया

आईच्या पश्चात कागलच्या घरातील तिची पत्र्याची पेटी आम्ही तिघा भावंडांनी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या तळाशी खणाचा एक बटवा सापडला. त्यात चांदीचे एकवीस रुपये होते. दादांनी ते फरशीवर ओतले आणि त्या खणखणाटाने आम्ही क्षणभर गप्पच झालो.

वाटणीचा प्रश्न दादांच्या दृष्टीने सोपा होता. इंग्रजी अमदानीतील रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. प्रत्येकाने सात तोळे घ्यावेत आणि ज्याला मोडायचे असतील त्याने हुपरीला नेऊन मोडावेत. हुपरी आम्हांला जवळ. तेथील चांदीकामाच्या मुशींतून असे किती रुपये पैंजण होऊन बाहेर पडले असतील, याची गणती कोण करणार? ताईला तर मोडायचेच होते. मेव्हण्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती.

मला मात्र, नाण्यांचा नाद असल्यामुळे, हा तोळ्याचा हिशेब पटेना. वजन सारखे असले तरी रुपये सारखे नसतात. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे; १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. आमच्या एकवीसांत तीन रुपये १९४० नंतरचे होते. मी ते एकेक करून फरशीवर टाकून दाखविले. जुन्या रुपयाचा नाद लांबत जातो, या तिघांचा लगेच विझला. दादांनी मान हलविली व ते तीन बाजूला सारले.

चार रुपये १९१८ चे होते. त्यांना हातात घेताना मला नेहमीच गंमत वाटते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची एवढी टंचाई झाली, की १९१७ च्या अखेरीस सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोकांना कागद नको, रुपया हवा. अखेर एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि आपल्या खजिन्यातील सत्तावीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळविले. त्यांपैकी जवळजवळ सव्वीस कोटी डॉलरांची चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानासाठी विकत घेतली. ती येथील टांकसाळींत आली आणि तिचे रुपये झाले. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले, याची नोंद मात्र राहिली नाही. त्यामुळे अमेरिकेतील संग्राहकांना आजही केवळ टांकसाळीच्या आकड्यांवरून एखाद्या डॉलरची दुर्मिळता ठरविता येत नाही. असा एक डॉलर मी तरुणपणी मुंबईच्या पदपथावरून मोठ्या हौसेने घेतला होता. खरा असता तर २६.७३ ग्रॅम भरला असता. माझा बराच हलका भरला, शिवाय लोहचुंबकालाही चिकटला! चांदी चुंबकाला चिकटत नाही, एवढे शहाणपण मला त्या व्यवहारात मिळाले.

त्याच १९१८ साली मुंबईत इंग्रजी गिन्याही पाडल्या गेल्या. तारखेच्या वर कोरलेल्या बारीक 'आय' या अक्षरावरून त्या ओळखता येतात. शेजारच्या आजींच्या गळ्यात एक गिनी होती. तिच्यावरील घोडेस्वाराला त्या खंडोबा म्हणत, आई संत जॉर्ज म्हणे. दोघींचे त्यावरून कधी भांडण झाले नाही.

एकविसातला एक रुपया १९११ चा निघाला. पंचम जॉर्जच्या अंगावरील पदकमाळेत हत्ती आहे; पण त्या वर्षीच्या नाण्यात त्याची सोंड एवढी आखूड उतरली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने नाणी परत घेऊन वितळविली आणि १९१२ मध्ये हत्तीला नीट सोंड दिली. त्यामुळे १९११ च्या रुपयाला चांदीच्या मोलाहून पुष्कळ अधिक किंमत येते.

हे मी त्या दिवशी बोललो नाही. माझ्या सात तोळ्यांत तो सहज बसला असता आणि भावंडांना त्याचा पत्ताही लागला नसता. रात्रभर मला झोप आली नाही. ताई शेजारच्या खोलीत होती. तिलाही झोप नव्हती, हे तिच्या उठण्याबसण्यावरून कळत होते. सकाळी चहाच्या वेळी मी तो रुपया तिच्यापुढे ठेवला व सारे सांगितले. कालच का सांगितले नाही, असे तिने विचारले नाही. दादांनी फक्त माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तो ताईचाच."

आम्ही तो कोल्हापुरात एका जाणत्या व्यापाऱ्याला दाखविला. त्यांनी भिंग लावले आणि पहिलाच प्रश्न केला, "घासलाय का हो?" आई दर नाताळच्या आधी हे रुपये चिंच आणि राखेने लख्ख घाशी. भिंगाखाली राजाच्या गालावर बारीक चरेच चरे दिसत होते. नाण्यावर काळाने चढलेली काळपट झाक हीच त्याच्या अस्सलपणाची खूण. ती गेली की संग्राहकाचा हात आखडतो. माझ्या अंदाजाच्या निम्मीही किंमत आली नाही. तरी ती चांदीच्या भावाहून अधिक होती. ताईने ते पैसे मोजून पदराला बांधले.

तिच्या वाट्यातील १९१८ चा एक रुपया मी तिला त्या दिवसाच्या भावाने पैसे देऊन ठेवून घेतला. त्यावर आता हळूहळू काळपट झाक येऊ लागली आहे.