कड्यावरची शिंदळ माकुडी

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
आषाढ

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. तुमच्या ग्रुपमधला कुणी शिवनेरीच्या अंगाला कड्यावर दोर लावून उतरणार आणि माझ्या गॅलरीसाठी शिंदळ माकुडीची फांदी आणणार. मावशीला झाडांचं वेड म्हणून तुला हे सुचलं, ते कळतं. पण आणू नका. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर 'मावशीचं नेहमीचंच' म्हणून हसला असतास आणि फांदी तरीही आली असती. म्हणून कागद काढला.

तू तिला अजून नीट पाहिलेली नाहीस, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. खुरटं, मांसल झुडूप आहे ते. करंगळीएवढ्या जाड, हिरव्या-करड्या फांद्या कातळाच्या भेगेतून हातभर खाली लोंबतात. पाऊस पडला की त्यांवर जाडसर लंबगोल पानं येतात. श्रावण-भाद्रपदापासून फुलं. प्रत्येक फूल म्हणजे दोनेक सेंटिमीटरची पाच टोकांची चांदणी. रंग गडद किरमिजी, त्यावर पिवळे डाग, कडेला बारीक लव. कुळ रुईचं, त्यामुळे शेंगा जोडीनं धरतात आणि त्या उकलल्या की केसांचा झुबका लावलेलं बी वाऱ्यावर निघतं. उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या कांड्या उरतात. शेजारून गेलास तरी वाळकी काडी समजून पुढे जाशील.

या वाळक्या काडीचं मला फार अप्रूप आहे. आफ्रिकेपासून आपल्याकडेपर्यंत तिचा मोठा गोतावळा पसरलेला आहे. त्यातल्या बहुतेकांनी पानांचा नादच सोडला. खोडानंच सगळं भागवतात. हिनं पानं ठेवली आणि खोडही जाड केलं. 1977 साली लांगे आणि झुबर या जर्मन अभ्यासकांनी तिचा श्वास मोजला, तेव्हा एकाच झाडात दोन कारभार चालू असल्याचं दिसलं. पानं भाताच्या रोपासारखी दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. खोड मात्र निवडुंगाच्या चालीनं रात्री रंध्रं उघडतं, तो वायू साठवून ठेवतं आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याचं अन्न करतं, म्हणजे पाणी उडून जात नाही. पाऊस असेतो पानांवर कमवायचं, पाऊस गेला की पानं टाकून द्यायची आणि आठ महिने खोडावर काढायचे. सह्याद्रीच्या कड्यावर हेच जमायला हवं. तिथं चार महिने अंगावरून पाणी वाहतं आणि नंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो.

तुमच्या जुन्नरचा मान यात मोठा आहे. तिथल्या हिवऱ्याला कंपनी सरकारची औषधी वनस्पतींची बाग होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर ती बघायचा, पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्यानंतर आलेला निकोल डाल्झेल त्याचा जोडीदार. दोघांनी मिळून 1861 साली 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. ही माकुडी तीन-चार वर्षांनी, हिवऱ्याच्या परिसरातूनच, डाल्झेलनं जगापुढे आणली आणि तिच्यासाठी नवा वंश करून त्याला तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं : फ्रेरिया इंडिका. गंमत अशी की फोर्टातल्या कारंज्यालाही त्याच सुमारास फ्रिअरचंच नाव द्यायचं घाटत होतं. ते 1864 साली उभं राहिलं तेव्हा त्यावर रोमन फुलदेवता बसली आणि फ्लोरा फाउंटन झालं. साहेबांच्या वाट्याला जुन्नरची काडी आली. आता तर शास्त्रज्ञांनी तो वंशही मोडून तिला बाउसेरोशियात घातलंय. पुढे 'फ्रेराय' लावलंय म्हणून नाव तेवढं टिकलं.

पुढे पुढे ती इतकी दुर्मीळ ठरली की जगातल्या सर्वांत धोक्यातल्या 12 वनस्पतींच्या यादीत तिचं नाव लागलं. नंतर लोकांनी कडे धुंडाळले, आणखी जागा सापडल्या : पुरंदरजवळचा वज्रगड, रंधा धबधब्याचा परिसर, महाबळेश्वरकडे काही ठिकाणं. सगळी महाराष्ट्रातच. सगळा हिशेब काही डोंगरांचा, आणि त्या डोंगरांतही काही भेगांचा.

भेगांतच का, हे तुला सांगायला हवं. कड्याची हौस म्हणून ती तिथं गेलेली नाही. कोवळी, रसाळ, बिनकाट्याची फांदी शेळीच्या तोंडाला लागली की संपली. म्हणून जिथं शेळीचा पाय पोचत नाही तिथंच ती उरली, नाहीतर काटेरी निवडुंगाच्या आडोशाला. फाल्गुन-चैत्रात गवताला वणवा लागतो, तोही चिमूटभर मातीच्या भेगेत सहसा शिरत नाही. आणि कितीही कोसळला तरी तिथं पाणी थांबत नाही. गड दुर्गम राहावा म्हणून राजेराजवाड्यांनी जे कडे तासले, त्यांनी शत्रूला अडवलं की नाही ते इतिहासवाले सांगतील. शेळीला मात्र अडवलं. दगड सुटला, दरड आली तर मात्र भेगेसकट झाड जातं. त्यावर उपाय नाही.

आणि आता दोर लावून माणूस उतरणार. शेळीला जे जमलं नाही ते तुमच्या मित्राला जमेल, म्हणून मला राग आला. त्याला सांगू नकोस. किंवा सांग.

आता तू म्हणशील, कुंडीत लावली तर वाचेलच की. खरं आहे, ती कुंडीत येते, आणि सहज येते. फांदी कापायची, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवायची, वाळू आणि विटेच्या चुऱ्यात खोचायची, पाणी बेतानं; मुळं धरते. माझ्याकडे पावसाळ्यात खारी दमट हवा आणि वरच्या मजल्याच्या पन्हळीचं पाणी, तेवढं सांभाळलं की झालं. फूलसुद्धा येईल. शेजारच्या ताई फोटो काढतील.

पण फांदीतून वाढलेलं रोप म्हणजे तेच झाड पुन्हा. शंभर कुंड्या भरल्या तरी झाड एकच. बी हवं तर सहसा दुसऱ्या झाडाचे पराग हवेत, आणि या कुळात पराग सुटे नसतात, मेणचट पुडक्यांत बांधलेले असतात. वारा ते नेऊ शकत नाही. फुलावर माशी यावी लागते, पुडकं तिच्या अंगाला नेमकं अडकावं लागतं आणि पुढच्या फुलात नेमक्या खाचेत बसावं लागतं. आचोळ्यात माश्यांची वाण नाही, पण दुसरं झाड कुठून आणू? पुन्हा कड्यावरूनच ना? तिथं एका भेगेतल्या झाडाचा दुसऱ्या भेगेतल्याशी संबंध आहे, बी उडून तिसऱ्या भेगेत पडतं, रुईवर वाढणाऱ्या केशरी फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खातात. हे सगळं तोडून जे उरतं ते माझ्या कुंडीत येणार.

आमच्याकडे हे रोज चालतं रे. खाडीकाठच्या खाजणावर भराव पडतो, तिवरं गाडली जातात, आणि भरपाई म्हणून रस्त्याच्या दुभाजकात रोपं लागतात. रोपं मोजता येतात, त्यांच्यासोबत फोटो निघतो. खाजण मोजायला कुणी चिखलात उतरत नाही. मला त्या दुभाजकासारखी गॅलरी करायची नाही.

वनस्पती उद्यानांचं काम वेगळं, त्याला माझी ना नाही. अभ्यासकांनी वेगवेगळ्या ठिकाणची झाडं नोंदून वाढवली, प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानं रोपं केली, काही पुन्हा डोंगरांवर लावून पाहिली. दरड कोसळून एखादी जागा गेली तर तिथलं वाण कुठंतरी जिवंत असावं, यासाठी ते लागतं. तशा ठिकाणी वाढवलेलं, कुठल्या डोंगरावरचं ते लिहिलेलं रोप कधी मिळालं तर मी आनंदानं घेईन. पण कड्यावरून ओरबाडलेली फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीनं येणार असेल तर ती दारातून परत जाईल. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या सोपाऱ्याच्या बंदरातला माल नाणेघाट चढून तुमच्या जुन्नरला जायचा. तिकडूनही पुष्कळ काही यायचं. एवढी एक वस्तू येऊ नये.

त्यापेक्षा मीच येते. गणपती झाले की कल्याणहून माळशेजमार्गे. गुडघे बरे आहेत, साखळीची वाट मात्र मला सांगू नकोस, पायऱ्यांनी चढू. दुर्बीण माझ्याकडे आहे. उन्हं तिरपी असताना कडा नीट दिसतो. आग्या मोहोळांपासून लांब उभं राहू, अत्तर-बित्तर लावून येऊ नकोस. फूल दिसलं तर दिसलं, नाहीतर जुन्नरची मिसळ आहेच.

तुझ्या त्या मित्रालाही घेऊन ये. कड्यावर उतरण्याची विद्या आहे त्याच्याकडे, ती वाया कशाला घालवायची? भेगा मोजणाऱ्या अभ्यासकांना असा माणूस हवाच असतो. वनखात्याची परवानगी घेऊन, वही घेऊन, काही न कापता उतर म्हणावं. कुठल्या भेगेत किती झाडं, फुलं होती का, शेंग धरली का, एवढं दर वर्षी लिहिलं तरी पुष्कळ झालं. आणि फोटो टाकायचाच असेल तर गडाचं नावसुद्धा लिहू नका, लोकेशन तर बंदच ठेवा. एकाला गॅलरी आठवली तशी उद्या दहाजणांना आठवेल.

ताईला नमस्कार सांग. तिच्या पाठीचं काय झालं ते कळव. तुमच्याकडचा हातसडीचा तांदूळ मिळाला तर दोन किलो ठेव, मी येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुझी,
मावशी