अठरावा प्रश्न

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे आले, मग नुसताच आळस. असो.

आजचा विषय माझ्या वयाला आणि मराठीच्या बी.ए.ला अजिबात शोभणारा नाही. अमेरिकेत प्रवासी विमानाचा पायलट व्हायचं आहे, आणि पूर्वी कधीतरी गांजाची एक लहानशी केस झालेली आहे. तर मग काय होतं? गेले वर्षभर मी याच प्रश्नात बुडालेली होते. का, ते सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी बरीच वर्षं तिकडे आहे. त्याला आणि त्याच्या मुलाला विचारूनच लिहिते आहे, तेव्हा नाव-गाव विचारू नका. ज्यांना कळेल त्यांनी मनात ठेवा. मुलगा जन्मापासून तिकडचाच. लहानपणी दोन उन्हाळे माझ्याकडे राहून बाराखडी गिरवून गेला, तेव्हापासून मला आजी म्हणतो. २०१७ साली, एकोणीस वर्षांचा असताना, मित्राच्या गाडीतून जाताना पोलिसांनी अडवलं आणि याच्या पिशवीत चार-पाच ग्रॅम गांजा सापडला. अटक, कोर्ट, सगळं झालं. न्यायाधीशांनी अमली पदार्थांवरच्या वर्गाला बसायला लावलं, थोडी समाजसेवा करायला लावली, आणि वर्षभर नीट वागल्यावर केस काढून टाकली. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्या विषयावर कायमची चादर ओढली.

पुढे मुलगा शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला आणि काही वर्षांनी म्हणाला, मला विमान चालवायचं आहे. लहानपणापासून तेच वेड होतं. तेव्हा बापाचा मला फोन. "बाई, तो तुमचं ऐकतो. मेडिकलच्या फॉर्मवर पूर्वीच्या अटकेबद्दल विचारतात. त्याला सांगा, सरळ 'नाही' लिहून टाक. केस रद्द झाली म्हणजे झालीच नाही ना?"

मी म्हटलं, आधी मला फॉर्म पाठव.

तिकडच्या विमान वाहतूक खात्याचा, म्हणजे एफएएचा, ८५००-८ नंबरचा तो फॉर्म. भाच्याने छापून दिला. डिक्शनरी घेऊन दोन दुपारी बसले. त्यातला अठरावा प्रश्न म्हणजे आजारांची आणि भानगडींची लांबलचक यादी आहे, आणि तिच्या माथ्यावरच लिहिलं आहे: आयुष्यात कधीही. पुढे व्ही या अक्षराखाली जे वाक्य आहे ते मी तीन वेळा वाचलं. त्याचा अर्थ साधारण असा: अशी कोणतीही अटक आणि/किंवा शिक्षा आणि/किंवा प्रशासकीय कारवाई, जिच्यामुळे गाडी चालवण्याचा परवाना गेला, किंवा शैक्षणिक वा पुनर्वसनाच्या कार्यक्रमाला हजर राहावं लागलं.

शाळेत उभयान्वयी अव्ययं शिकवताना पोरं जांभया द्यायची. 'आणि' जोडतं, 'किंवा' पर्याय देतं, एवढंच तर आहे, असं त्यांना वाटे. आता पाहा. अटक 'किंवा' शिक्षा. म्हणजे शिक्षा झालेली नसली तरी अटक पुरते. परवाना जाणं 'किंवा' वर्गाला बसणं. म्हणजे परवाना शाबूत असला तरी वर्ग पुरतो. केस पुढे रद्द झाली का, हे त्या वाक्यात कुठे विचारलेलंच नाही. पोराला अटक झाली होती, तो वर्गालाही बसला होता. उत्तर 'होय'.

गंमत अशी की त्याच यादीत आणखी दोन जागा आहेत. एका ठिकाणी वाहतुकीखेरीज इतर गुन्ह्यांत शिक्षा झाली आहे का, असं विचारलं आहे. शिक्षा झालेली नव्हती, तिथे 'नाही' खरं. दुसऱ्या ठिकाणी बेकायदा पदार्थ गेल्या दोन वर्षांत घेतले का आणि ड्रग टेस्टमध्ये कधी नापास झालात का, असं आहे. तिथेही 'नाही' खरं. बापाने सगळ्याला एकच 'नाही' ठोकायचं ठरवलं होतं. वकिलांचं काम मी करत नाही, पण वाक्य नीट वाचायला वकील लागत नाही.

आता त्या केसची किंमत किती, ते ऐका. अमेरिकेच्या नियमात (६१.१५ क्रमांकाचा) असं आहे की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, शेवटच्या निकालापासून एक वर्षापर्यंत लायसन्स नाकारता येतं. हातात असलेलं लायसन्सही काढून घेता येतं. म्हणजे नव्याने शिकणाऱ्याला या कलमाने अडवायची मुदत एक वर्ष. याला तर शिक्षाही नव्हती, आणि मधे कितीतरी वर्षं गेलेली. उलट, त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर? अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. शिवाय तोवर मिळवलेली सगळी लायसन्सं काढून घेता येतात. मेडिकलचं एकटं नव्हे, सगळी.

आणि हे खोटं एकदा बोलून भागत नाही. विमान कंपनीच्या कॅप्टनला चाळिशीपर्यंत वर्षातून एकदा आणि चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी ही तपासणी करावी लागते. प्रत्येक वेळी तोच फॉर्म, तोच अठरावा प्रश्न. निवृत्तीचं वय ६५. मी कागदावर हिशोब मांडला, पन्नास-साठ वेळा 'नाही' लिहावं लागेल. बापाला फोनवर म्हटलं, "अरे, तू त्याला एक खोटं शिकवत नाहीयेस, साठ शिकवतो आहेस." तो बराच वेळ काही बोललाच नाही.

त्याची भीती मला कळत नव्हती असं नाही. आपल्याकडे स्थळ पाहताना मुलीचा चष्मासुद्धा लपवत. एकदा डाग लागला की संपलं, ही आपली ठाम समजूत. म्हणून मी त्याला लाईल प्राउसची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा कॅप्टन. ८ मार्च १९९० रोजी फार्गोहून मिनियापोलिसला त्याने बोईंग ७२७ नेलं, तेही दारूच्या अंमलाखाली. कॉकपिटमधले तिघेही प्यायलेले. उतरल्यावर तिघांना पकडलं. प्राउसला सोळा महिन्यांची कैद झाली, सगळी लायसन्सं गेली. व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन, तुरुंगातून सुटल्यावर त्याने एकेक लायसन्स पहिल्यापासून पुन्हा मिळवलं. त्याच कंपनीने त्याला परत घेतलं आणि तो ७४७चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. २००१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. भरल्या विमानात बसून केलेला तो गुन्हा पिशवीतल्या चार ग्रॅमपेक्षा कितीतरी भयंकर, आणि मला विचाराल तर मी त्याला इतक्या सहज माफ केलं नसतं. पण दार बंद झालं नाही, हे खरं.

(एक सांगून ठेवते, तिकडे शिकणाऱ्या आपल्या नातवंडांसाठी. आता अनेक राज्यांत गांजा कायदेशीर आहे, पण पायलटला तो चालत नाही, कारण विमानाचा कारभार केंद्राच्या कायद्याने चालतो. नोकरीआधी टेस्ट असते आणि नंतरही न सांगता असते. आपल्याकडेही डीजीसीएने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिकांच्या अशा अचानक चाचण्या सुरू केल्या आहेत.)

तर मुलाने काय केलं? फॉर्म भरण्याआधी विमान कायद्याच्या एका वकिलाला भेटला. कोर्टाचे सगळे कागद काढले: अटकेची नोंद, निकाल, वर्ग पूर्ण केल्याचा दाखला. मग 'होय' लिहिलं आणि स्वतःच्या शब्दांत एक पान जोडलं. ते त्याने मला आधी वाचून दाखवलं. पहिल्या मसुद्यात मित्राचं नाव तीन वेळा होतं. मी एवढंच म्हटलं, "बाळा, पिशवी कोणाची होती?" दुसऱ्या मसुद्यात मित्र गेला.

डॉक्टरांनी जागच्या जागी सर्टिफिकेट दिलं नाही, प्रकरण वर पाठवलं. वरून आणखी कागद मागवले. त्या काळात बापाचे फोन यायचे आणि प्रत्येक फोनमध्ये "बाई, 'नाही' लिहिलं असतं तर" हे वाक्य असायचंच. मी काय उत्तर देणार? मलाही रात्री वाटायचं, पोराचं खरंच अडलं तर हा मला काय म्हणेल. साडेचार महिन्यांनी पाकीट आलं. सर्टिफिकेट मिळालं.

पुढचा रस्ता लांब आहे. विमान कंपनीत जायला साधारण १५०० तासांचं उड्डाण लागतं. शिवाय त्या वरच्या लायसन्सच्या अटींत चांगलं चारित्र्य हवं असंही लिहिलेलं आहे. कंपन्या आपल्या अर्जात जुन्या अटकेबद्दल वेगळं विचारतात, आणि एखादी कंपनी तेवढ्यावरून नाही म्हणूही शकते. हे त्याला ठाऊक आहे. सध्या दोन-चार माणसांच्या लहान विमानावर त्याचे १८० तास झाले आहेत. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जातो. परवा त्याने वरून काढलेला नदीचा फोटो पाठवला, खाली मराठीत लिहिलं होतं, 'आजी, वारा खूप होता.' ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं.

पुढच्या मार्चमध्ये मेडिकल पुन्हा आहे. अठरावा प्रश्न परत भरायचा, पण या वेळी 'होय'च्या पुढे 'पूर्वी कळवलेलं आहे, बदल नाही' एवढंच लिहायचं आहे.