बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, आबांची बारा बोअर आणि रात्रपाळीचं पाणी



विहिरीवरची केबल आणि स्टार्टर चोरीला गेल्याचं मागं लिहिलं होतं. तेव्हापासून जो भेटेल तो एकच सल्ला देतोय. "वस्तीवर एकटं घर तुमचं. एखादं पिस्तूल घेऊन ठेवा की." खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेच होतं. चौकशी केली, फॉर्म काढले, दुकानात जाऊन वस्तू हातात धरून बघितली. त्यातनं काय कळलं आणि काय ठरवलं, ते आज लिहितो.

आमच्या घरात बंदूक नवी नाही. आबांनी पीक संरक्षणासाठी घेतलेली एकनळी बारा बोअर आहे. भोगावतीकाठचा ऊस आणि वरच्या अंगाला भात, भुईमूग. डुकरं तेव्हाही होती, गवे मात्र दाजीपूरच्या रानात असायचे, आतासारखे खाली उतरत नव्हते. आबांनी बंदूक उडवली ती बहुतेक आभाळाकडंच. आवाजानं कळप उसातनं बाहेर पडायचा आणि शेजारच्याच्या उसात शिरायचा! आबांच्या मागं परवाना तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर झाला. आता तात्यांची सत्तरी उलटली. हात कापतो, डाव्या डोळ्याला दिसत नाही.

पहिल्यांदा चौकशी केली ती रिव्हॉल्व्हरची. आपल्याला सिनेमा बघून वाटतं की नाइन एमएम घ्यावं. ते सामान्य माणसाला मिळत नाही. नाइन एमएम, थ्री नॉट थ्री हे निषिद्ध बोअर. आपल्यासाठी छोट्या शस्त्रात मुख्यतः बत्तीस बोअरच, रिव्हॉल्व्हर नाहीतर पिस्तूल. सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं, वजन अर्धा किलो आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. एका चांगल्या दुभत्या म्हशीचे पैसे, हे आमच्या सौंनी लगेच ऐकवलं.

दुकानदार जाणता माणूस होता. त्यानं विकायची घाई केली नाही. म्हणाला, "पाटील, रिव्हॉल्व्हर हातात धरायला सोपं, पण लावायला अवघड." आखूड नळीला मनगट जरा हललं तरी दहा पावलांवर गोळी हातभर बाजूला जाते. अंधारात, झोपेतनं उठून, छाती धडधडत असताना तर बोलायलाच नको. आपल्या जिल्ह्याला नेमबाजीचं वेड आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळी आपली माणसं. पण त्यांनी वर्षानुवर्षं रोज सराव केला तेव्हा ते जमलं. मी वर्षातनं दोनदा गोळी झाडणार आणि वेळेला नेम लागेल म्हणणार, तर ते काही खरं नाही.

काडतुसांचंही तसंच. बारा बोअरमध्ये एलजी, एसजी म्हणजे मोजके जाड छर्रे, आणि पुढं जसा आकडा वाढतो तसा छर्रा बारीक आणि संख्येनं जास्त. (बारा बोअर हे नाव कसं पडलं हे मला यावेळी कळलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक त्या नळीत बसते.) मी विचारलं, घरासाठी कुठलं चांगलं? त्यानं उलट विचारलं, "घराला भिंती कशाच्या?" आमचं पुढचं घर विटांचं, मागची पडवी पत्र्याची, पत्र्याला लागून गोठा आणि गोठ्यापलीकडं गड्याची खोली. एलजी असो नाहीतर बत्तीसची गोळी, पत्रा तिला कागदासारखा. चोर चुकला तर पुढं म्हैस, आणि म्हैस चुकली तर गड्याची लेकरं. हे ऐकल्यावर मी काडतुसाची चौकशी बंद केली.

आबांच्या पेटीत जुनी कागदी काडतुसं निघाली, तीही दाखवली. पावसाळ्याची ओल लागून फुगलेली, नळीत जाईनात. ती ठोकून बसवायची नाहीत आणि चुलीत तर अजिबात टाकायची नाहीत. परवाना घेऊन रीतसर जमा करा म्हणाला.

आता कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, मग पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवीन असं लिहून देणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. लग्नात, मिरवणुकीत निष्काळजीपणानं बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीक संरक्षणाला कायद्यात मुळात ठासणीची बंदूकच धरलेली आहे, तेवढ्यानं भागत नाही असं पटलं तर दुसरी बिननक्षीच्या नळीची देता येते. आणि परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गव्याचं तर नावच घेऊ नका.

चोराचं काय? मोटर चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आत आपणच जाणार. जीवावर बेतेल किंवा जबर इजा होईल अशी वाजवी भीती असेल, जबरी चोरी असेल, रात्री घर फोडून कोण आत शिरत असेल, तिथं कायदा आपल्या बाजूला उभा राहतो. तिथंही गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. केबलसाठी तो उभा राहत नाही.

आता जे लिहायचं का नाही असं दोन दिवस चाललं होतं, ते लिहितो.

२०२४ चा नोव्हेंबर. विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणून तात्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा. केबल जाऊन महिना झालेला. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच येऊन खोपी घालत होत्या, त्यामुळं रस्त्याला रोज अनोळखी माणूस. त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती. दीडच्या सुमाराला कुत्रं भुंकायला लागलं. खिडकीतनं बघतो तर गोठ्यामागं उजेड हलतोय. लागला, विझला, परत लागला. मी उठलो आणि सरळ आतल्या खोलीतल्या कपाटाकडं गेलो. कपाट उघडलं, हात घातला. बंदूक नव्हती. ती जमा आहे हे त्या क्षणाला माझ्या ध्यानातच नव्हतं.

मग कुऱ्हाड घेऊन बाहेर आलो आणि ओरडलो, "कोण हाय रं तिथं?"

"काका, मी हाय, मी!" शेजारच्या बांधावरच्या भावकीतला पोरगा. एकोणीस वर्षांचा. सामाईक विहीर, त्यांची पाण्याची पाळी. फ्यूज उडाला म्हणून तार शोधत गोठ्यामागनं चाललेला. मोबाईलची बॅटरी संपत आलेली, म्हणून उजेड लावत विझवत येत होता.

बंदूक कपाटात असती तर मी ओरडलो असतो का? मला सांगता येत नाही. परवानाही माझ्या नावावर नव्हता, ती उचलायचा मला हक्कच नव्हता, पण ते कुणाच्या ध्यानात आलं असतं? पोरगं सकाळी त्याच्या आईनं दिलेला भाकरतुकडा घेऊन आलं आणि हसत म्हणालं, "काका, लई घाबरला होता की तुम्ही." सौंनी त्याला चहा दिला. मला त्याच्याकडं बघवेना.

तर रिव्हॉल्व्हरचा अर्ज भरला नाही. तात्यांची बारा बोअर माझ्या नावावर करायचा अर्ज मात्र दिलाय. परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगून झाली की तो हयात असतानाच वारसाला देता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सौंना हेही पटलेलं नाही. "त्या रात्रीनंतर पण?" असं विचारतात. माझं म्हणणं, गवा आला तर फटाक्यानं भागत नाही. त्यांचं म्हणणं, गवा आला तर दार लावून आत बसावं. वाद अजून मिटलेला नाही. तोवर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दुसरी किल्ली सौंच्या कमरेला.

गोठ्यामागं सौर दिवा लावला, स्टार्टरची पेटी उंच खांबावर घेतली. विहिरीवरच्या पाचही घरांनी ठरवलं की रात्री पाळीला निघताना आधी फोन करायचा आणि बांधावर आलं की नाव घेऊन हाक मारायची. पोरगं आता लांबूनच ओरडत येतंय, "काका, मी हाय!" रात्री दोनला झोपमोड होते, पण असू दे.

कुणी हयातीतलं हस्तांतर करून घेतलं असेल तर किती दिवस लागले ते खाली लिहा. आमची फाईल अजून चौकशीतच आहे.